पत्र्याला फोम मारून घेताय? आधी घरातली ओल कुठून येते ते बघा

पाटण : शिमगा सरला की आपल्या भागात घरदुरुस्तीचे दिवस सुरू होतात. कौलं सारखी करायची, पत्र्याचे हूक आवळायचे, भिंतीचे पोपडे काढायचे. गेल्या काही वर्षांत यात एका नवीन कामाची भर पडली आहे. टेम्पोत दोन पिंपं, एक यंत्र आणि लांबलचक पाईप घेऊन शहरातली माणसं येतात आणि पत्र्याला आतल्या बाजूनं पिवळसर फेस मारून देतात. पोल्ट्रीवाल्यांना आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांना हे जुनंच आहे. कुणी याला पीयू फोम म्हणतं, कुणी पफ, कुणी नुसतं फोम.

आता हे काम राहत्या घरांत, तेही जुन्या दगडमातीच्या घरांत होऊ लागलंय. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार आणि पावसाळ्यात कोरडं, असं सांगून काम घेतलं जातं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या आहेत. तिसरी अर्धवट खरी आहे. त्या अर्धवटपणापायी माझ्या घराची एक तुळई गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फोम काम कसं करतो?

या फोमचं पूर्ण नाव पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन पहिल्यांदा तयार केलं. गादीतला मऊ स्पंज, फ्रीजच्या दारात भरलेला कडक फोम आणि हा फवारायचा फोम, सगळी एकाच कुळातली भावंडं. टेम्पोतल्या एका पिंपात आयसोसायनेट असतं, दुसऱ्यात पॉलिओल. दोन्ही गरम करून वेगवेगळ्या पाइपांतून बंदुकीपर्यंत आणतात. बंदुकीच्या तोंडाशी दोन्ही मिसळली की क्षणात फुगतात आणि पत्र्याला चिकटून कडक होतात. पातळ थर पडला तरी तो वीस-तीस पट फुगतो.

फुगलेल्या फोममध्ये बारीक बंद कप्पे असतात आणि त्यांत वायू अडकलेला असतो. अडकलेल्या वायूतून उष्णता फार हळू जाते. गोधडीत आपल्याला ऊब मिळते ती याच कारणानं. कडक फोमचा एक इंच थर उष्णता अडवण्यात साधारण दोन फूट जाड विटेच्या भिंतीच्या तोडीचा असतो. पत्रा उन्हाळ्यात दुपारी ६० अंशांच्या पुढं तापतो, आणि तीच धग खाली माणसाच्या डोक्यावर येते. मध्ये फोम असेल तर ती बरीचशी वरच थांबते. हिवाळ्यात उलटं, घरातली ऊब पत्र्यातून निसटत नाही.

यात दोन जाती आहेत, हे काम देताना ध्यानात ठेवा. एक बंद कप्प्यांचा फोम, हाताला कडक लागतो, पाणी पीत नाही. त्याचं वजन घनमीटरला ३० ते ३५ किलो. दुसरा खुल्या कप्प्यांचा, स्पंजासारखा दाबला जातो, घनमीटरला ८ ते १० किलो. तो स्वस्त पडतो, पण पाणी शोषून घेतो. आपल्या पावसात पत्र्याखाली तो नकोच.

जिल्हा एक, घरं दोन तऱ्हेची

सातारा जिल्ह्यात पश्चिमेला नवजा, महाबळेश्वर भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहा पटीचा फरक. त्यामुळं माणमध्ये जे घराला मानवलं ते पाटणमध्ये मानवेलच असं नाही.

माझे साडू माण तालुक्यात राहतात. त्यांचं घर विटेचं, वर लोखंडी कैच्या आणि पत्रा. त्यांनी बंद कप्प्यांचा दीड इंच फोम मारून घेतला, खालून सिलिंग केलं. एप्रिलच्या दुपारी पूर्वी ती मंडळी लिंबाखाली खाट टाकून बसायची, आता घरात जेवून झोपतात. तिथं भिंत कोरडी, छप्पर लोखंडी, पाऊस बेताचा. फोमचं काम फक्त धग अडवायचं होतं, आणि ते त्यानं केलं.

त्यांचं बघूनच मी माझ्या घरी काम करायचं ठरवलं. माझं घर पाटणच्या डोंगराकडं, आजोबांच्या वेळचं. दीड हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर पूर्वी कौलं होती, नंतर वासे तेच ठेवून पत्रा घातला. माजघराची मागची भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची. आईला दमा आहे, त्या ओलीनं तिला त्रास व्हायचा. काम करणाऱ्यांनी सांगितलं, पत्र्याला मारतोय तसं भिंतीलाही मारू, ओल कायमची बंद. मी हो म्हणालो.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. पहिल्या पावसाळ्यात भिंत आतून कोरडी दिसली, आम्ही खूश. दुसऱ्या पावसाळ्यात माजघरात कुबट वास यायला लागला. दिवाळीनंतर मी कोपऱ्यातला फोम कोयत्यानं कापला. मागची भिंत चिखलासारखी मऊ झालेली, आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक काळं पडलेलं. त्यात स्क्रूड्रायव्हर घातला तर मुठीपर्यंत गेला. त्या तुळईखाली आई झोपत होती.

ओल गेली नव्हती, नुसती झाकली गेली होती. चूक फोमची कमी आणि माझी जास्त. ओल कुठून येते हे मी बघितलंच नव्हतं.

ओल तीन वाटांनी येते

पहिली वाट वरून. हुकाचं वायसर फाटलेलं, पत्र्याचा जोड कमी घेतलेला, भिंत आणि पत्रा जुळतात तिथली फट. पाणी जिथं शिरतं तिथंच टपकेल असं नाही. वाशावरून घरंगळत दुसऱ्याच खणात पडतं. अशा पत्र्याला खालून फोम मारला की टपकणं थांबतं, पण पाणी थांबत नाही. ते फोम आणि पत्र्याच्या मधून वाट काढतं, वासा भिजवतं, पत्रा गंजवतं. आधी टपकायचं तेव्हा घमेलं लावून आपण निदान गळती कुठं आहे ते ओळखत होतो. फोममागं ते कळायचंही बंद होतं.

दुसरी वाट खालून आणि बाजूनं. जुन्या घराच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दगडमातीतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. मागं डोंगर किंवा उंच अंगण असेल तर ते पाणी थेट भिंतीत शिरतं. माझ्या घराची हीच गत होती. मातीची भिंत पाणी पिते आणि उघडीप पडली की ते वाऱ्यावर सोडते. दोन्ही अंगांनी वाळायची मोकळीक होती म्हणून ती शंभर वर्षं टिकली. एका अंगाला बंद कप्प्यांचा फोम किंवा सिमेंटचा गिलावा बसला की तिचा श्वास कोंडतो. मग ओल वर सरकते आणि तुळईचं टोक गाठते.

तिसरी वाट घामाची. थंडीत पहाटे पत्रा गार पडतो. घरात माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे, यांचं बाष्प त्या गार पत्र्याला लागून थेंब होतं. पत्र्याला घाम सुटला असं आपण म्हणतो. ही ओल फोमनं खरोखर थांबते, कारण पत्र्याची आतली बाजू गार राहत नाही आणि वाफ पत्र्यापर्यंत पोचत नाही.

म्हणजे तीनपैकी फक्त तिसऱ्या ओलीवर फोम हा उपाय आहे. पहिल्या दोन ओलींवर तो पांघरूण घालतो.

आपली ओल कुठली हे ओळखायची साधी रीत आहे. भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते. थेंब बाहेर, खोलीच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे. पत्र्यासाठी वेगळी रीत. कुणीतरी वर जाऊन खालच्या कडेपासून एकेक टप्पा वरवर सरकत पाणी सोडायचं, दुसऱ्यानं खाली टॉर्च घेऊन उभं राहायचं. अर्ध्या दिवसाचं काम, पैसा लागत नाही.

लाकडी छपराच्या घरात जास्त सांभाळा

हा प्रश्न फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये थंडी अडवायला हजारो घरांत लाकडी छपराला आतून फोम मारला गेला. आता तिथल्या बऱ्याच बँका अशा घरावर कर्ज द्यायला मागं सरतात. कारण साधं आहे. फोममागचं लाकूड दिसत नाही, आणि ते धड आहे की कुजलंय हे तपासणाऱ्याला सांगता येत नाही. घर विकायचं तर आधी फोम खरवडून काढायची पाळी लोकांवर येते.

आपल्या कोयना पट्ट्यात याला आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जुन्या माणसांना आठवतो, आणि लहान धक्के अजूनही बसतात. धक्का बसला की आपण भिंतीला तडा गेलाय का, तुळई सरकलीय का, ते बघतो. सगळं फोमनं झाकलं तर बघणार काय? फोमनं भिंत मजबूत होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भिंतीचा भार पेलायचं काम फोमचं नाही.

आणखी एक. जाड दगडमातीची भिंत मुळात उन्हाळ्यात घर गार ठेवते. रात्रीचा गारवा ती पोटात साठवते आणि दुपारी देते. तिला आतून फोम मारला तर तो गारवा भिंतीतच राहतो, आपल्यापर्यंत येत नाही. म्हणजे खर्च करून आपल्याच घराचा गुण घालवायचा. फोम लागतो तो पत्र्याला, जाड भिंतीला नाही.

चूल असलेल्या घरात फोम नको

हे सगळ्यात महत्त्वाचं. हा फोम जळतो. पेटल्यावर दाट काळा धूर होतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू असतात. आग लागलेल्या घरात माणूस ज्वाळेच्या आधी धुरानं पडतो. आगीला दाद न देणारा फोम म्हणून विकतात तो उशिरा पेटतो एवढंच, पेटतच नाही असं नाही. म्हणून राहत्या खोलीत फोम उघडा ठेवायचा नसतो. खालून जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्डाचं सिलिंग हवंच.

चुलीच्या खोलीत तर मारूच नका. ठिणगीचा धोका आहेच, शिवाय चुलीचा धूर कौलांच्या नाहीतर पत्र्याच्या फटीतून बाहेर जातो. त्या फटी फोमनं बुजल्या की धूर घरातच कोंडतो. थंडीत शेगडी आत घेऊन दार लावून झोपणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावं. कोंडलेल्या खोलीतला निखारा माणसाला झोपेतच संपवतो.

वायरिंग फोममध्ये उघडं गाडू नका. वायर गरम होते आणि ती उष्णता बाहेर पडत नाही. आधी पाइपातून वायर घ्या, जोड फोमच्या बाहेर ठेवा. फोम मारून झाल्यावर जवळ वेल्डिंग करायचं नाही. ग्रील, कैची, जे काही जोडायचं असेल ते आधी उरकून घ्या.

मारायचाच ठरला, तर काम असं घ्या

हंगाम : फेब्रुवारी ते मे. पत्रा, लाकूड, भिंत कोरडी ठणठणीत हवी. ओल्या किंवा काजळी धरलेल्या पत्र्याला फोम धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. आधी काजळी, जाळी, गंज घासून काढा. मात्र जुना सिमेंटचा पत्रा असेल तर घासू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

दर : नुसता फुटाचा दर विचारू नका. किती इंचाला, कुठला फोम, किती घनतेचा, हे कागदावर लिहून घ्या. पहिला इंच सगळ्यात जास्त काम करतो. दुसऱ्या इंचाचा फायदा होतो, पण पहिल्याएवढा नाही. त्यामुळं राहत्या घराला एक ते दोन इंच पुष्कळ.

माल : ५०० चौरस फुटांवर एक इंच थर म्हणजे साधारण ४२ घनफूट, म्हणजे सुमारे १.२ घनमीटर फोम. घनमीटरला ३२ किलोच्या हिशोबानं जवळपास ३८ किलो माल लागतो. उडून वाया जातो तो वेगळा. पिंपांचं वजन कामाआधी आणि कामानंतर करायला लावा. वीस किलोत काम उरकलं तर थर पातळ आहे किंवा फोम हलका आहे.

तपासणी : कामाच्या वेळी एका पुठ्ठ्यावर फोम मारून घ्या. वाळल्यावर १० सेंटिमीटर लांब, १० रुंद, ५ जाड असा तुकडा कापा आणि सोनाराच्या काट्यावर वजन करा. १५ ते १७ ग्रॅम भरला तर माल बरोबर. चार-पाच ग्रॅम भरला तर तो खुल्या कप्प्यांचा आहे. पत्र्यावरच्या थरात दहा-बारा ठिकाणी सुई टोचून जाडी मोजा.

थर : एका दमात दीड-दोन इंचांपेक्षा जाड थर नको. फुगताना फोम आतून तापतो, जाड थर आतल्या आत करपू शकतो.

माणसं-जनावरं : फवारणी चालू असताना घरात कुणी नको, जनावरंसुद्धा नकोत. निदान २४ तास बाहेर राहा, नंतर दारंखिडक्या उघडून वारा खेळू द्या. आयसोसायनेटच्या वाफेनं दमा होतो, असलेला बळावतो. फवारणाऱ्याच्या तोंडावर नुसता रुमाल असेल तर त्याला काम येत नाही असं समजा. त्याच्याकडं नीट मास्क, चष्मा, हातमोजे हवेत. आठवड्यानंतरही मासळीसारखा वास येत असेल किंवा फोम चिकट लागत असेल तर मिश्रण बिघडलंय. तेवढा भाग काढून पुन्हा करून मागा, आणि सगळे पैसे आधी देऊन बसू नका.

जागा सोडा : भिंतीत शिरणारी तुळयांची टोकं, आढं, वाशांचे जोड उघडे ठेवा. दरवर्षी बघता आले पाहिजेत. वरती हवा जायला जाळी ठेवा. उन्हात उघडा पडलेला फोम पिवळा पडून त्याचा भुगा होतो, तिथं रंगाचा थर हवा. उंदीर फोम कुरतडतात आणि मुंग्या त्यात घर करतात, म्हणून कडा बंद करून घ्या.

फोमच्या आधीची स्वस्त कामं

तुळई बदलल्यावर मी जे केलं ते आधी केलं असतं तर भिंतीला फोम लागलाच नसता. मागच्या अंगाला भिंतीपासून दोन हातांवर चर खणला, जोत्याच्या खालपर्यंत खोल, उताराला काढून दिला आणि दगडगोट्यांनी भरला. डोंगरातनं येणारं पाणी आता भिंतीला न लागता बाजूनं जातं. पत्र्याला पन्हाळ लावली, त्यामुळं वळचणीचं पाणी जोत्यावर उडत नाही. भिंतीला टेकून रचलेली लाकडं आणि पेंढा हलवला. आतला फोम आणि खालच्या तीन फुटांचा सिमेंट गिलावा काढून भिंत एक अख्खा उन्हाळा तशीच उघडी वाळवली, मग चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. आपली जुनी माणसं पावसाच्या बाजूला भिंतीला गवताचा आडोसा बांधायची, तेही मी पुन्हा सुरू केलंय. दिसायला बरं नसतं, पण झड भिंतीला लागत नाही.

पूर्वेकडच्या गावांत ज्यांना फोम परवडत नाही त्यांनी पत्र्यावर वरून पांढरा चुना मारून बघावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो, फरक पहिल्याच दुपारी कळतो. पावसानं धुऊन जातो म्हणून दरवर्षी मारावा लागतो. आणि माणमधल्या ज्या घरांवर अजून धड माळवद आहे, त्यांनी ते पाडून पत्रा घालण्याआधी दोनदा विचार करावा. मातीचा तो जाड थर उन्हाला आडवा येतो. तो काढून पत्रा घालायचा, मग पत्रा तापतो म्हणून फोम मारायचा, हे दोनदा पैसे घालवणं झालं.

माझ्या पुढच्या सोप्यातला पत्र्याचा फोम मी काढला नाही. तिथं गळती नाही, चूल नाही, खालून सिलिंग आहे. तो आजही चांगलं काम देतो. माजघराची भिंत मात्र उघडीच आहे. परवाच्या पावसाळ्यात ती थोडी ओली झाली आणि दसऱ्यापर्यंत वाळली. आई अजूनही तिथंच झोपते. तुळईच्या टोकाला मी दर अमावास्येला स्क्रूड्रायव्हर टोचून बघतो, आत जात नाही.

तुमच्याकडं टेम्पो आला तर आधी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावा. दोन दिवस थांबायला सांगा. चांगलं काम करणारा माणूस थांबतो.